तान्ह्या बाळाची हृदयशस्त्रक्रिया आणि श्वासाचे गणित

वायूंचा दाब, नळीतून वाहणारा प्रवाह, मिश्रणातील वायूंचे अंशदाब हे सारे आपण पदार्थविज्ञानाच्या वर्गात शिकतो आणि परीक्षा संपली की बहुतेक जण ते विसरतात. ज्यांना हे विसरून मुळीच चालत नाही अशा लोकांत भूलतज्ज्ञांचा क्रम फार वर लागतो. त्यातही तान्ह्या बाळाला भूल देणाऱ्याला हे नियम तोंडपाठ असून भागत नाही. ते हाताच्या बोटांत उतरलेले असावे लागतात. छातीला लहानशी छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साह्याने बाळाच्या हृदयाजवळ शस्त्रक्रिया चालू असते तेव्हा त्याचा श्वास कसा सांभाळतात, हे या लेखात पाहू. हिशेब समजावा म्हणून पाच किलो वजनाचे, चार-पाच महिन्यांचे एक बाळ आपण उदाहरणादाखल घेऊ.

आजार कोणता?

गर्भाशयात बाळाची फुफ्फुसे काम करीत नसतात. प्राणवायू मिळतो तो वारेतून, नाळेवाटे. त्यामुळे हृदयातून फुफ्फुसाकडे निघालेले बहुतेक रक्त एका आडवाटेने थेट महारोहिणीत जाते. या आडवाटेला डॉक्टर मंडळी 'डक्टस' म्हणतात. जन्मल्यावर बाळ पहिला श्वास घेते, रक्तातील प्राणवायू वाढतो, वारेकडून येणारी प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये थांबतात आणि डक्टस आकसू लागतो. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात दोन-तीन दिवसांत त्यातील प्रवाह थांबतो व दोन-तीन आठवड्यांत त्याचा नुसता तंतू उरतो.

काही बाळांत मात्र ही वाट उघडीच राहते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण जास्त. जन्मानंतर महारोहिणीतील दाब फुफ्फुसधमनीतील दाबापेक्षा पुष्कळ वाढलेला असतो. म्हणून रक्त आता उलट दिशेने, महारोहिणीतून फुफ्फुसात शिरते. शरीराला मिळायचे रक्त पुन्हा पुन्हा फुफ्फुसातच फिरत राहते. फुफ्फुसे ओली व जड होतात. बाळाला धाप लागते, दूध ओढताना कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. स्टेथोस्कोपने यंत्राच्या घरघरीसारखा अखंड आवाज ऐकू येतो. एडिंबरोचे डॉ. जॉर्ज गिब्सन यांनी १९०० साली त्याचे वर्णन करून ठेवले आहे.

बॉस्टन येथे २६ ऑगस्ट १९३८ रोजी डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीचा डक्टस बांधला आणि जन्मजात हृदयविकारावरील शस्त्रक्रियांचे युग सुरू झाले. त्यानंतर अनेक वर्षे ही शस्त्रक्रिया डाव्या बाजूच्या बरगड्या फाकवूनच होत असे. त्यात वेदना फार, आणि वाढत्या वयात पाठीचा कणा वाकणे किंवा खांद्याचे हाड बाहेर येणे असे दोषही मागे राहत. पॅरिसचे डॉ. फ्रांस्वा लाबोर्द यांनी छातीला छोटी छिद्रे पाडून, दुर्बिणीतून पाहत टिटॅनियमच्या क्लिपने डक्टस बंद करण्याची रीत १९९३ साली प्रसिद्ध केली. पायाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन डक्टसला बूच लावण्याची पद्धतही बर्लिनच्या डॉ. वेर्नर पोर्स्टमान यांनी १९६७ पासून रूढ केली होती. ती सुधारत इतकी पुढे गेली की ७०० ग्रॅम वजनापासूनच्या बाळांसाठी तयार केलेल्या बुचाला अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. म्हणून आज जेथे सोय आहे तेथे पुष्कळदा नळीची पद्धत आधी विचारात घेतात. ती ज्या बाळाला सोसत नाही वा बसत नाही तेथे शस्त्रक्रिया करतात. दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्यातलीच एक. तिच्यात जखम लहान होते, पण श्वासाची अडचण मोठी होते. ती कशी, ते पाहू.

गाठीला शिल्लक किती?

आपण श्वास सोडला तरी फुफ्फुसात काही हवा उरतेच. ही आपली शिल्लक. श्वास थांबला तर शरीर या शिलकीतील प्राणवायूवर जगते. ही शिल्लक मोठ्या माणसात काय नि बाळात काय, वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर असते. खर्च मात्र सारखा नाही. मोठा माणूस दर किलोमागे मिनिटाला साधारण साडेतीन मिलिलिटर प्राणवायू वापरतो, बाळ सुमारे सात.

आता हिशेब करू. साठ किलोच्या माणसाची शिल्लक १,८०० मिलिलिटर, खर्च मिनिटाला २१०. भुलेपूर्वी त्याला निव्वळ प्राणवायू हुंगवून ही शिल्लक भरून घेतली तर ती आठ मिनिटे पुरते. आपल्या पाच किलोच्या बाळाची शिल्लक १५० मिलिलिटर, खर्च मिनिटाला ३५. म्हणजे कागदावर चार मिनिटे. परंतु बाळाच्या बरगड्या मऊ असतात. जागेपणी स्नायूंच्या जोरावर ती आपली फुफ्फुसे फुगती ठेवते. भुलेत हे स्नायू सैल पडले की शिल्लक जवळजवळ निम्म्यावर येते आणि चाराची दोन मिनिटे होतात. फुफ्फुसात प्राणवायूऐवजी साधी हवा असेल तर अर्ध्या मिनिटाची सोय कशीबशी उरते. भूलतज्ज्ञाची घाई कशापायी असते, ते या आकड्यांवरून कळेल.

नळीचे माप

भूल दिल्यावर बाळाच्या श्वासनलिकेत प्लॅस्टिकची नळी बसवतात. या वयाला तिचा आतील व्यास साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असतो. फ्रेंच वैद्य प्वाझ्यी यांनी १८४० च्या सुमारास मांडलेला नियम येथे आडवा येतो. संथ प्रवाहाला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. चार मिलिमीटर व्यासाच्या वाटेला सर्व बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर व्यास दोनच मिलिमीटर उरतो आणि अडथळा १६ पट होतो. साडेतीन मिलिमीटरच्या नळीत आतून पाव मिलिमीटर जाडीचा कफ चिकटला तर व्यास तीनवर येतो व अडथळा जवळजवळ दुप्पट होतो. मोठ्या माणसात जो कफ लक्षातही येत नाही, तो बाळात अनर्थ करू शकतो. म्हणून बारीक शोषनळी हाताशी तयारच ठेवतात.

नळीची खोलीही तितकीच नाजूक बाब आहे. तान्ह्या बाळाची श्वासनलिका चार-पाच सेंटिमीटर लांब. मान पुढे वाकवली तर नळी खाली सरकते, मागे केली तर वर येते. बाळाला कुशीवर वळवताना एक सेंटिमीटरचा फरक पडला तरी नळी एका बाजूच्या शाखेत जाते किंवा बाहेर येते. म्हणून बाळाला वळवल्यावर दोन्ही बाजूंनी पुन्हा ऐकून पाहिल्याशिवाय सर्जनला "सुरू करा" म्हणायचे नाही, असा दंडक आहे.

एकाच फुफ्फुसावर

डक्टस डाव्या बाजूला असतो. म्हणून बाळाला उजव्या कुशीवर निजवतात. दुर्बिणीला दिसायला जागा हवी, तर वरचे डावे फुफ्फुस बाजूला व्हायला हवे. मोठ्या माणसात यासाठी दोन मार्गांची नळी वापरतात. तशी सर्वांत लहान नळीसुद्धा साधारण आठ वर्षांखालील मुलाला बसत नाही. बाळासाठी मग तीन वाटा उरतात. पहिली, साधी नळीच मुद्दाम पुढे सारून उजव्या शाखेत नेणे. उजवी शाखा अधिक सरळ असल्यामुळे हे सोपे जाते, पण उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडाचे तोंड झाकले जाण्याचा धोका असतो. दुसरी, टोकाला फुगा असलेली बारीक नळी डाव्या शाखेत बसवून ती बुजवणे. तिसरी, दोन्ही फुफ्फुसांना लहान लहान श्वास देत राहणे आणि सर्जनने वरचे फुफ्फुस हळुवार बाजूला सारणे. डक्टसची शस्त्रक्रिया थोड्या वेळाची असल्याने ही तिसरी, साधी वाट पुष्कळ जण पत्करतात.

येथे बाळ आणि मोठा माणूस यांच्यात एक मोठा फरक आहे. मोठा माणूस कुशीवर झोपला की वजनामुळे जास्त रक्त खालच्या फुफ्फुसात जाते. चालू फुफ्फुस खाली असले की हवा आणि रक्त यांची गाठ नीट पडते. बाळाची छाती रुंदीला लहान, त्यामुळे रक्त खाली ओढले जाण्याचा हा लाभ थोडाच. शिवाय मऊ बरगड्यांमुळे खालचे फुफ्फुस दबते आणि त्यातील बारीक वाटा मिटतात. एका बाजूचे फुफ्फुस आजारी असलेल्या बाळांत निरोगी बाजू वर ठेवली असता प्राणवायू अधिक चांगला मिळतो, हे लंडनच्या डॉक्टरांनी १९८३ साली दाखवून दिले. मोठ्या माणसात नियम याच्या अगदी उलट आहे. म्हणजे शस्त्रक्रियेसाठी बाळाला ज्या स्थितीत ठेवावे लागते, ती त्याच्या श्वासाला सर्वांत गैरसोयीची असते.

निसर्गाने एक मदत मात्र ठेवली आहे. ज्या भागात प्राणवायू कमी पोचतो, तेथील रक्तवाहिन्या आपोआप आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते. ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९४६ साली मांजरांवरील प्रयोगांतून हे सिद्ध केले. हुंगायच्या भुलेची मात्रा फार वाढली तर ही मदत दुबळी होते. म्हणून ती मात्रा बेताची ठेवून उरलेली भूल शिरेतून देतात.

पंचवीस मिलिलिटरचा हिशेब

आपले बाळ एका श्वासात सुमारे ३५ मिलिलिटर हवा घेते. चहाचे सात चमचे म्हणा. त्यातील दहा मिलिलिटर श्वासमार्ग भरण्यातच खर्ची पडते. फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचते ती २५. मिनिटाला ३० श्वास धरले तर उपयोगी हवा ७५० मिलिलिटर झाली.

आता एकाच फुफ्फुसावर काम आले. तेवढीच हवा एका फुफ्फुसात कोंबली तर ते ताणून फाटेल. म्हणून श्वास २५ मिलिलिटरपर्यंत उतरवतात. वाटखर्च तोच दहा, हाती उरतात १५. पूर्वीइतकी ७५० उपयोगी हवा द्यायची तर मिनिटाला ५० श्वास द्यावे लागतील. एका श्वासाला मिळाला सव्वा सेकंद. एवढ्या वेळात साडेतीन मिलिमीटरच्या नळीतून हवा आत जायची आणि पूर्ण बाहेरही यायची. ती पुरती बाहेर आली नाही तर दर श्वासागणिक थोडी आत साचते, छाती फुगते, हृदयाकडे परतणारे रक्त अडते. मग करायचे काय? श्वास थोडे वाढवायचे, खालचे फुफ्फुस मिटू नये म्हणून श्वासाच्या शेवटीही चार-पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब राखायचा, आणि कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तर तो काही काळ सोसायचा. नळीला जोडलेला एक वाकडा सांधा चार-पाच मिलिलिटर खाणारा असेल, तर तोही बदलायचा. ज्या घरात मिळकतच पंचवीस, तेथे पाचाची उधळपट्टी परवडत नाही.

लहान मुलांसाठी हाताने पिशवी दाबून श्वास देण्याची जी साधी जोडणी आहे, ती न्यूकॅसलचे डॉ. फिलिप एअर यांनी १९३७ साली सुचवली आणि लिव्हरपूलचे डॉ. जॅक्सन रीस यांनी १९५० साली तिला पिशवी जोडून सुधारली. आज अचूक यंत्रे आहेत. तरीही अडचणीच्या क्षणी पुष्कळ भूलतज्ज्ञ पिशवी हातात घेतात. फुफ्फुस कडक झाले, नळी तुंबली की वाकली, हे हाताला लगेच समजते.

छातीत सोडलेला वायू

दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून काही वेळा छातीच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडतात. त्याचा दाब चार ते सहा मिलिमीटर पाऱ्याइतका. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण हृदयाकडे परतणाऱ्या अशुद्ध रक्ताचा दाबही साधारण तेवढाच असतो हे लक्षात घेतले, म्हणजे रक्तदाब एकाएकी का कोसळू शकतो ते कळते. शिवाय हा वायू रक्तात शोषला जातो. आधीच श्वास अपुरा, त्यात ही बाहेरून भर. कॅप्नोग्राफ नावाचे यंत्र सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजते. पण छोट्या श्वासात आणि एका फुफ्फुसावर असताना रक्तातील खरे प्रमाण यंत्राच्या आकड्यापेक्षा बरेच जास्त असू शकते. म्हणून शंका आली की धमनीतील रक्त तपासतात. रक्तदाब उतरला तर पहिला उपाय औषध नव्हे; आधी तो वायू बाहेर सोडायचा.

दुधारी प्राणवायू

प्राणवायू कमी पडतो आहे, तर भरपूर द्यावा, असे कोणालाही वाटेल. या आजारात तसे करणे धोक्याचे आहे. प्राणवायू वाढला आणि कार्बन डायऑक्साइड घटला की फुफ्फुसातील रक्तवाहिन्या रुंदावतात, तेथील विरोध कमी होतो आणि उघड्या डक्टसमधून आणखी रक्त फुफ्फुसात धावते. शरीराच्या वाट्याला तेवढे कमी येते. उलट प्राणवायू घटला व कार्बन डायऑक्साइड फार साचला, तर याच वाहिन्या आकसतात, उजव्या जवनिकेवर ताण पडतो. आणि फुफ्फुसातील दाब महारोहिणीपेक्षा वर गेला तर अशुद्ध रक्त डक्टसमधून शरीराच्या खालच्या भागात जाऊ लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर जादा प्राणवायूने डोळ्यांच्या पडद्यालाही इजा होते. तेव्हा डक्टस बंद होईपर्यंत भूलतज्ज्ञाला दोन्ही बाजूंना दरी असलेल्या वाटेने चालायचे असते.

या वाटेवरचा कंदील म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याचे मूळ तत्त्व शोधले. २०२० च्या कोविडच्या साथीत हे यंत्र घरोघरी पोचले, म्हणून त्याची ओळख करून द्यायला नको. या शस्त्रक्रियेत मात्र अशी दोन लावतात: एक उजव्या हाताला, दुसरे पायाला. उजव्या हाताला जाणारे रक्त डक्टसच्या आधीच महारोहिणीतून फुटते, पायाचे डक्टसनंतर. हाताचा आकडा चांगला आणि पायाचा उतरलेला दिसला, तर रक्त उलट दिशेने वाहू लागले हे कळते.

याच दोन यंत्रांचा दुसरा उपयोग क्लिप लावण्याच्या क्षणी होतो. बाळाचा डक्टस पुष्कळदा महारोहिणीइतकाच जाड असतो. सर्जन आधी तो चिमट्याने थोडा वेळ दाबून पाहतो. पायाची नाडी यंत्रावरून नाहीशी झाली, तर चिमट्यात आली ती महारोहिणी! श्वासातील कार्बन डायऑक्साइड एकाएकी उतरला, तर फुफ्फुसधमनी दाबली गेली असे समजावे. दोन्ही ठीक राहून रक्तदाबाचा खालचा आकडा वर चढला, म्हणजे पकडला तो डक्टसच. मगच क्लिप लावायची.

पुन्हा स्वतःचा श्वास

क्लिप बसली की मिटलेले फुफ्फुस हाताने हळूहळू, सर्वांच्या डोळ्यांदेखत फुगवतात. छातीतील हवा नळीवाटे काढतात. बरगड्यांमधील नसा बधिर केल्यामुळे बाळ वेदनेशिवाय खोल श्वास घेऊ शकते. वेदना असेल तर ते उथळ श्वास घेते आणि फुफ्फुस पुन्हा मिटते. नळी काढल्यावर रडण्याकडे कान द्यायचा. स्वरयंत्राची डावी नस डक्टसला वळसा घालून वर जाते; तिला इजा झाली असेल तर रडणे घोगरे येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत भुलेनंतर श्वास मध्येच थबकतो. गर्भधारणेपासून मोजलेले वय ६० आठवडे होईपर्यंत हा धोका धरून चालतात आणि अशा बाळाला रात्रभर नजरेखाली ठेवतात.

आता या सर्व हिशेबाचे सार सांगायचे तर असे: जखमेची लांबी घटली म्हणून शस्त्रक्रियेतील जोखीम तेवढ्याच प्रमाणात घटली, असे होत नाही. तिचा मोठा वाटा सर्जनच्या टेबलाकडून बाळाच्या उशाशी उभ्या असलेल्या माणसाकडे येतो. म्हणूनच चांगल्या शस्त्रक्रियागृहात एक अलिखित करार असतो. भूलतज्ज्ञाने "थांबा" म्हटले की सर्जनने हत्यारे बाहेर घ्यायची, वायू सोडून द्यायचा, फुफ्फुस फुगू द्यायचे आणि आकडे सुधारल्यावरच पुन्हा सुरुवात करायची. तरीही जमले नाही तर छिद्रांचा हट्ट सोडून छाती उघडायची. यात कोणाचाही कमीपणा नाही. चार सेंटिमीटरच्या व्रणासह घरी गेलेले बाळ हे यशच होय.

आपल्या विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या वैद्यकाकडे वळतील, कोणी पदार्थविज्ञानातच राहतील. त्रिज्येचा चतुर्थ घात फळ्यावर लिहिताना दोघांनीही एवढे ध्यानात ठेवावे, की साडेतीन मिलिमीटरच्या एका नळीत तो नियम एखाद्या बाळाच्या जिवाइतका मोलाचा ठरतो.